ही नळी कुणी बसवली

बिबवेवाडीतल्या आमच्या घराला पुढून दुकान होतं आणि मागून स्वयंपाकघर. मध्ये जी एक खोली उरत होती तिच्यात आई, बाबा आणि मी राहत होतो. दुकान आग विझवणाऱ्या सिलिंडरांचं. शाळा, ऑफिसं, सिनेमागृहं, सोसायट्या यांच्या जिन्यात जे लाल सिलिंडर टांगलेले असतात, ते उतरवून आणायचे, रिकामे करायचे, तपासायचे, पुन्हा भरून जागच्या जागी टांगून यायचे, हा आमचा धंदा. सकाळी आईच्या कुकरची शिट्टी आणि बाबांच्या कॉम्प्रेसरची धडधड एकदमच सुरू व्हायची. मधूनच एखादा सिलिंडर फुस्स करून मोकळा व्हायचा आणि बारीक पिवळट पावडर उंबरा ओलांडून आत यायची. ती वाळत घातलेल्या सांडग्यांवर बसायची, माझ्या वह्यांवर बसायची, देवाच्या फोटोंवर बसायची. आई दिवसभर फडकं घेऊन फिरे आणि म्हणे, लोकांच्या घरी लक्ष्मी येते, आमच्या घरी पावडर येऊन राहिली.

आई-बाबा वर्ध्याकडचे. बाबा तरुणपणी इथल्या एका कारखान्याच्या अग्निशमन विभागात लागले, आणि पुढे नोकरी सोडून त्यांनी हे दुकान टाकलं. घरात आम्ही आमचंच बोलायचो, ‘काहून’ आणि ‘मले’ आणि ‘करून राहिला’. पण गिऱ्हाईक दारात आलं की बाबांचा आवाज बदलायचा. ते सावकाश, एकेक शब्द धुऊन-पुसून ठेवल्यासारखं पुणेरी मराठी बोलायचे. ‘आपण बसा ना, आपल्याला उद्या मिळून जाईल.’ हे सगळं त्यांनी ऐकून ऐकून शिकलेलं होतं. आई आतून ऐकायची आणि भाकरी थापता थापता हसायची. मला मात्र हसू येत नसे. कॉलेजात माझ्या तोंडून एकदा ‘काहून’ निघालं होतं आणि पुढे वर्षभर काही मुली मला त्याच नावाने हाक मारत होत्या, त्यामुळे बाबा हे कष्ट का घेतात ते मला चांगलं समजत होतं.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. निकाल लागला त्याच आठवड्यात बाबांनी मला दुकानात घेतलं. शेजारपाजारचे लोक म्हणाले, मुलीला हे काय काम, तर बाबा म्हणाले, नळीवर तिच्याइतकी सरळ आटी माझ्याकडून पडत नाही. त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस तरंगत होते. तेव्हा शहर नुसतं वाढत सुटलं होतं. काचेची ऑफिसं उभी राहत होती, त्यांच्यात कॉम्प्युटरच्या थंडगार खोल्या होत्या, आणि तिथे पाणी चालत नाही म्हणून गॅसचे सिलिंडर लागत. बाबा मला म्हणायचे, वंदू, आता पाह्य, आपले दिवस आले.

त्याच दिवसांत संग्राम आमच्याकडे आला. ज्या गावांच्या शेतांवर आता इमारती उभ्या आहेत, त्यांतल्या एका गावच्या शेतकऱ्याचा तो मुलगा. त्याच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी काही जमीन विकली होती, काहीवर स्वतःच बांधायला घेतलं होतं, आणि संग्रामने हट्ट करून मुंबईहून एक परदेशी गाडी आणली होती. लाल, बुटकी, दोनच माणसांची, इंजिन पाठीमागे. गल्लीत ती आली तेव्हा आमच्या समोरचा किराणावाला माप तसंच हातात धरून रस्त्यावर आला. संग्रामला ती गाडी घाट चढायच्या शर्यतीत घालायची होती, आणि शर्यतवाल्यांचा नियम होता की गाडीत आग विझवायची पक्की यंत्रणा बसवलेली पाहिजे. चालकाने बसल्या जागेवरून एक दांडी ओढली की सिलिंडरमधला फेस नळ्यांतून जाऊन इंजिनावर आणि त्याच्या पायांपाशी पडला पाहिजे. परदेशातून तयार सामान येईपर्यंत शर्यत होऊन गेली असती. कुणीतरी त्याला आमचं नाव सांगितलं.

बाबांनी आयुष्यात कधी गाडीत असं काही बसवलं नव्हतं. तरी ते एका क्षणात हो म्हणाले. संग्राम गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, तात्यांच्या जेवढ्या इमारती उभ्या राहतील तेवढ्यांचं काम आपल्याकडे येईल, फक्त हे नीट झालं पाहिजे. मला इमारतींचं काही वाटलं नाही. मला ती गाडी उघडून बघायची होती.

ते आठवडे माझ्या तरुणपणातले सगळ्यांत सुखाचे होते असं मी आजही म्हणेन. सकाळी दुकानाचं शटर वर जायचं आणि ती लाल गाडी आत एखाद्या पाहुण्यासारखी बसलेली असायची. मी पुठ्ठे कापून सिलिंडरचा आकार केला आणि तो कुठे बसतो ते बघत बसले. शेवटी शेजारच्या सीटमागे जागा मिळाली. दांडी कुठे असावी म्हणून डोळे मिटून चालकाच्या जागी बसायचे आणि हात आपोआप कुठे जातो ते बघायचे. आई दुपारी झुणका-भाकरी घेऊन यायची, दाराशी उभी राहून म्हणायची, एवढ्याशा गाडीत माणसानं पाय कुठं ठेवायचे, बाप्पा. एकदा मी तिला आत बसवलं. ती पदर आवरून, पाय पोटाशी घेऊन, एखाद्या होडीत बसल्यासारखी बसली आणि मग तिला उठताच येईना. बाबा आणि मी दोन्ही हात धरून तिला ओढत होतो आणि तिघंही हसत होतो. आमच्या घरात असं एकत्र हसणं त्यानंतर पुष्कळ काळ झालं नाही.

अडचण आली ती इंजिनाकडे जाणाऱ्या नळीची. सीटच्या मागे एक जाड पत्रा होता, त्याच्या पलीकडे इंजिन. मी ती नळी तांब्याची धरली होती. पण तांब्याची नळी वळवून न्यायची तर दोन्ही सीट काढायला हव्या होत्या, पत्र्याला वेगळ्या जागी भोक पाडायला हवं होतं, आणि गाडी आणखी काही दिवस आमच्याकडे राहिली असती. संग्राम रोज येऊन विचारत होता. तात्यांनी गाडीची पूजा ठेवली होती आणि त्या पूजेला पाहुण्यांना बोलावलं होतं. बाबांनी शब्द दिलेला होता. ते दुकानात मागे गेले आणि कॉम्प्रेसरला लावतो ती काळी नायलॉनची नळी घेऊन आले. म्हणाले, ही लाव, पाहिजे तशी वळते.

मी म्हटलं, बाबा, ही सायलेन्सरच्या शेजारून जाणार, वितळेल. ते म्हणाले, फेस काय तासभर वाहणार आहे का, दांडी ओढली की झालं काम, नळी गरम व्हायच्या आत फेस बाहेर. मी म्हटलं, पण आग लागायच्या आधीच गाडी तापलेली असणार. तेव्हा ते चिडले नाहीत. अगदी प्रेमाने म्हणाले, “वंदू, शर्यत झाली का आपण तांब्याची बसवून देऊ. आता लाव.” मी लावली. आवळून, सरळ, कुठे घासणार नाही अशी बघून लावली. बाबा टॉर्च धरून उभे होते.

शर्यतीच्या आधी घाटात सरावाचा दिवस होता. तात्यांनी आम्हालाही बोलावलं. आईने आदल्या दिवशीच ठरवलं होतं की आपण घरी राहून आम्ही परत येईपर्यंत डाळीचे गोळे घालून गोळाभात करायचा, वरून कढी, आणि सोबत चिंचेचं सार. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बाबा आणि मी स्कूटरवरून गेलो आणि घाटाच्या पायथ्याशी तात्यांच्या जीपपाशी उभे राहिलो. संग्रामचे पाच-सहा मित्र होते, आणखी काही गाड्या होत्या. लाल गाडी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. दर खेपेला तिचा आवाज डोंगरावर आपटून परत यायचा आणि बाबा आजूबाजूच्या लोकांकडे बघायचे, जणू तो आवाजसुद्धा त्यांनीच बसवला होता.

मग एकदा आवाज मध्येच बंद झाला. वरच्या वळणावर धूर दिसला. आम्ही सगळे जीपमध्ये घुसलो. पोहोचलो तेव्हा गाडीच्या मागच्या भागातून ज्वाळा निघत होत्या आणि संग्राम बाहेर पडून इंजिनाचं झाकण उघडायला बघत होता. त्याने दांडी ओढली होती. त्याच्या पायांवर, कमरेपर्यंत पांढरा फेस होता. आत सीट, स्टिअरिंग, सगळीकडे फेस होता. इंजिनावर मात्र थेंब नव्हता. बाबांनी जीपमधला हाताने चालवायचा छोटा सिलिंडर आणला, मित्रांनी माती टाकली, आणि आग विझली तेव्हा मागची अर्धी गाडी काळी झाली होती. संग्रामचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. पेट्रोलच्या पाइपाचा एक सांधा गळत होता म्हणून आग लागली, हे नंतर कळलं. आग आमच्यामुळे लागली नव्हती. ती विझली नाही, ते आमच्यामुळे.

मित्रांनी संग्रामला दवाखान्यात नेलं. तात्या मागे राहिले. ते धोतर सावरत गाडीपाशी वाकले, इंजिनाशेजारी हात घातला आणि काळ्या नळीचं एक टोक बाहेर काढलं. ते मेणबत्तीसारखं ओघळून मिटून गेलं होतं. आगीच्याही आधी, सरावाच्या फेऱ्यांतच ते मऊ होऊन बंद झालं असणार. तात्यांनी ते हातात फिरवून बघितलं आणि आवाज न चढवता विचारलं, “ही नळी कुणी बसवली?”

मी बाबांकडे बघितलं. बाबा तात्यांकडे बघत होते. आणि त्यांच्या त्या धुतलेल्या, इस्त्री केलेल्या मराठीत ते म्हणाले, “माझ्या मुलीने बसवली. मी त्या दिवशी दुकानात नव्हतो.”

मला राग आला असता तर बरं झालं असतं. रागात माणूस काहीतरी करतो, बोलतो. मला लाज वाटली. आपल्या वडिलांच्या अंगावरचा कपडा भर रस्त्यात गळून पडावा आणि ते आपल्यालाच आधी दिसावं, तशी मान आपोआप दुसरीकडे वळली. मी रस्त्यावरच्या फेसाकडे बघत राहिले. तो बसत चालला होता आणि खालचं डांबर दिसायला लागलं होतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर बाबा त्या सगळ्यांसमोर उघडे पडले असते, आणि ते मला बघवलं नसतं. शिवाय नळी मी बसवली होती हे खोटं नव्हतं. वाक्यातला पहिला अर्धा भाग खरा होता, म्हणून दुसरा आणखीच वाईट लागला.

घरी आलो. आईने ताटं मांडली होती. बाबांनी गाडी जळाल्याचं सांगितलं, पोरगा वाचला म्हणाले, आणि हात धुऊन जेवायला बसले. गोळे चांगले झाले होते. मला त्यांची चव आजही आठवते आणि आठवली की नकोशी वाटते. आई पुन्हा पुन्हा विचारत होती, असं कसं झालं, तुम्ही तर लई मन लावून केलं होतं. बाबा म्हणाले, होतं असं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, मीही नाही. कढीचं पातेलं आमच्या मध्ये होतं. त्यांना आणखी हवी होती, पण मला पुढे कर म्हणाले नाहीत, उठून वळसा घालून त्यांनी स्वतः घेतली.

पुढचे दिवस तसेच गेले. एकमेकांच्या वाटेत न येता एका घरात राहायची कला माणसं किती लवकर शिकतात. कॉम्प्रेसर चालू असला की बरं वाटायचं. गोष्ट पसरली होती, आणि पसरताना तिच्यातून गाडी, घाट, पेट्रोल सगळं गळून गेलं आणि फक्त मुलगी उरली. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातला सिलिंडर घेऊन आले. कायम खादीचा झब्बा आणि हातात छत्री, असे गृहस्थ. मी समोर उभी असताना ते बाबांना म्हणाले, “आपण स्वतः भरणार असाल तर ठेवून जातो. कन्यारत्न भरणार असेल तर आमची पाण्याची बादली काय वाईट आहे.” बाबा हसले. नाही नाही, मीच भरतो, म्हणाले. घाटात ते घाबरले होते, म्हणून तसं बोलले, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती. या हसण्याबद्दल स्वतःची तशी काही समजूत घालता येईना. मी पाना टेबलावर ठेवला आणि आत गेले.

आई उंबऱ्यापाशीच उभी होती. तिने ऐकलं होतं. तिने मला विचारलं, काय म्हणून राहिला तो माणूस, तुझं नाव काहून घेऊन राहिला. मी तिला सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, नळी कोणती लावायची ते मी ठरवलं नव्हतं. ती तशीच दुकानात गेली. गिऱ्हाईक होतं ते जाईपर्यंत थांबली, मग तिने हाताने शटर अर्धं खाली ओढलं. बाबांना तिने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. फक्त तिचं शेवटचं ऐकू आलं, कारण ते तिने मुद्दाम मोठ्याने म्हटलं असावं. “तुम्ही जा आन तात्याले खरं सांगून या. पोरीले सोबत घेऊन जा.”

बाबा लगेच गेले नाहीत. उद्या जातो, परवा जातो, संग्रामची पट्टी सुटू दे, असं चाललं. आई भांडली नाही, पण त्यांच्याशी बोलणं तिने कामापुरतं ठेवलं. मी दुकानात जाणं सोडलं. स्वारगेटजवळ एका जिन्याच्या वर कॉम्प्युटरचा वर्ग होता, तिथे नाव घातलं. तिथे पावडर नव्हती, धडधड नव्हती, आणि मी कुणाची मुलगी आहे ते कुणी विचारत नव्हतं. मला प्रोग्रॅमिंगची ओढ होती असं मी नंतर मुलाखतींत सांगत आले. खरं म्हणजे मला एका अशा खोलीची ओढ होती जिथे बाबा नसतील.

शेवटी एका रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, चाल. तात्यांचा नवा बंगला रस्त्यालाच होता, संगमरवरी पायऱ्यांचा, आणि मागे अजून गोठा होता. तात्या गोठ्यापाशीच खाटेवर बसले होते. संग्राम आला, हातावर गुलाबी नवी कातडी दिसत होती. त्याने मला बसायला खुर्ची दिली. चहा आला. बाबांनी कप हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. आणि मग ते बोलले ते आमच्या घरच्या बोलीत. बाहेरच्या माणसासमोर त्यांना तसं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

“थे नळी म्या लावाले सांगितली होती. पोरगी नाई म्हणत होती. मी तिथंच होतो, टॉर्च धरून.”

तात्यांनी मान हलवली. म्हशीने मान घासली म्हणून तिला जरा बाजूला सारलं. मग म्हणाले, “ठावं हाय मला. त्याच दिशी कळलं.”

बाबांनी विचारलं, कसं.

“मी इचारलं तवा पोरगी तुमच्याकडं बघाय लागली. तुमी न्हाई तिच्याकडं बघितलं.” आणि पुढे म्हणाले, “आज याल, उद्या याल म्हनून वाट बघितली. लई दिस लावलं तुमी.”

आम्ही घरात ज्या गोष्टीवर झाकण ठेवून बसलो होतो, ती त्या माणसाला पहिल्या क्षणापासून माहीत होती. संग्रामलाही होती, मित्रांनाही असणार. म्हणजे बाबांचं खोटं घाटातल्या कुणालाच फसवू शकलं नव्हतं, आणि तरी माझं नाव गावभर फिरलं होतं, कारण खरं काय ते सांगायचं काम बाबांचं होतं. माझे कान तापले. बाबा खाटेच्या कडेला इतके लहान होऊन बसले होते की मला त्यांना तिथून उचलून न्यावंसं वाटलं. संग्राम मध्येच म्हणाला की घाई त्याचीच होती, काकांचं एकट्याचं नाही. तात्या त्याला म्हणाले, तुझं तू येगळं बोल. मग त्यांनी मला विचारलं, पोरी, तू का गप ऱ्हाईलीस? मी चहाचा कप उचलून तोंडाला लावला. आज कुणी विचारलं तरी नीट उत्तर देता येईल असं वाटत नाही.

परत येताना बाबांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला थांबवली. मागे न वळता विचारलं, उद्यापासून येशील का दुकानात. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि किक मारली. तात्यांच्या इमारतींचं काम पुढे आमच्याकडे आलं, पण ते बाबांनी एकट्याने केलं, प्रत्येक नळी तांब्याची किंवा लोखंडाची. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले आणि तिथेच केस पांढरे केले. अजूनही कुठल्या ऑफिसात गेले की आधी छताकडे बघते, पाण्याचे फवारे नीट बसवलेत की नाही.

नंतर बाबांनी एक वेगळीच सवय लावून घेतली. जो कुणी भेटेल त्याला ते ही गोष्ट सांगायला लागले. नवं गिऱ्हाईक, गॅसवाला, गावाकडून आलेला भाचा. नळी मी लावायला सांगितली होती, पोरगी नको म्हणत होती. छत्रीवाल्या सेक्रेटरींना तर त्यांनी जिन्यात गाठून सांगितलं. ते म्हणाले, बरं बरं, पण आमचा सिलिंडर कधी मिळणार. मला त्याचीही लाज वाटायची. आधी खोट्याची वाटली, मग या रोजच्या खऱ्याची. मी आईला म्हणायचे, त्यांना सांग ना, पुरे आता. आई म्हणायची, बोलू दे.

माझ्या लग्नाची बोलणी करायला मुलाकडचे आले तेव्हा मी पोह्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाहेर हवापाणी झालं, नोकरी झाली, आणि मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं की मुलगी आधी आपल्याच धंद्यात होती ना, मग सोडलं का. मला वाटलं बाबा काहीतरी नीटसं बोलतील. ते सरळ बसले आणि म्हणाले, “माह्यामुळे सोडलं. नळी म्या चुकीची लावली आन नाव तिचं घेतलं.”

मुलाचे वडील गोंधळले. कसली नळी, म्हणाले. तेव्हा बाबांनी पाण्याचा तांब्या उचलला, तो सिलिंडर, शेजारी फुलदाणी ठेवली, ते इंजिन, आणि आईच्या विणकामातली लोकर नळी म्हणून दोन्हींच्या मधून ओढून त्या अनोळखी माणसांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली. पोहे निवत होते. आईने माझ्याकडे बघितलं. एका शब्दाने मला त्यांना थांबवता आलं असतं. मी ट्रे खाली ठेवला आणि दाराला टेकून त्यांना पूर्ण सांगू दिलं.